एकाच झुडपावरचे दोघे

४ नोव्हेंबर

संचालिकाबाईंनी आज बोलावून घेतलं. आधी चहा, मग तब्येतीची चौकशी. तेव्हाच ओळखलं की काहीतरी गळ्यात पडणार, आणि ते पडलंच.

संस्थेत तापमान रोखून धरणारी खोली आता एकच उरली आहे. दुसरीचं यंत्र उन्हाळ्यात बसलं ते बसलंच. उरलेल्या खोलीत माझी बुरशी आहे, सोळा अंशांवर, गेली बावीस वर्षं. आता सरड्याच्या अंड्यांसाठी तीच खोली हवी आहे, एकतीस अंशांवर. दोघांचा संसार एका खोलीत होत नाही, एवढं बाईंनाही कळतं. म्हणून नियामक मंडळाला तुलना हवी आहे. एकीकडे झाडाला लागणारी एक बुरशी, दुसरीकडे संपत आलेला एक भलामोठा सरडा. यांतलं कोण राखायचं आणि का, ते चार पानांत, पंधरा डिसेंबरपर्यंत.

"मॅडम, मी बुरशीवाला. सरड्याची बाजू कोण मांडणार?"

"तुम्हीच. तुमच्याइतका काटेकोर माणूस या संस्थेत दुसरा नाही."

स्तुती ऐकली की भल्याभल्यांची मती गुंग होते. मी हो म्हणून बाहेर आलो. मार्चमध्ये निवृत्ती, आणि जाता जाता ही धोंड.

सरडे सांभाळते माझी लेक. बाईंना ते माहीत आहे. विषय त्यांनी काढला नाही, मीही काढला नाही.

६ नोव्हेंबर

तक्त्याला सुरुवात केली. दोन रकाने.

वजन: सरडा अकरा किलो. बुरशी, सगळी मिळून, चिमूटभर. लांबी: सरडा नाकापासून शेपटीपर्यंत सव्वापाच फूट. बुरशी मोजायला भिंग लागतं. खाणं: दोघांचं एकच झुडूप, दुसरं काही चालत नाही. सरडा त्याचा पाला खातो, बुरशी त्या पाल्यात घर करते आणि वर नारिंगी पूड आणते. ती पूड म्हणजेच तिचे बीजाणू, तिची पोरंबाळं. गव्हावरचा तांबेरा असतो त्याच कुळातली ही. म्हणून संस्थेत मला तांबेरेशास्त्री म्हणतात, तोंडावरसुद्धा.

उरले किती: ज्या टेकडीवर ही झुडपं होती ती दगडाच्या खाणीत गेली. आता माझ्या खोलीत बारा कुंड्या, त्यांवर जगातली उरलेली सगळी बुरशी. आवाराच्या दुसऱ्या टोकाला लेकीच्या काचघरात चाळीस निरोगी झुडपं, आणि त्यांवर जगणारी एक मादी. नर मागच्या महिन्यात म्हातारपणाने गेला. मादीच्या पोटात अंडी आहेत.

शेवटची ओळ बाईंनी सांगितलेली: "नष्ट झाल्यास कोणाला हळहळ वाटेल?" सरड्याच्या रकान्यात लिहिलं, शाळेतली मुलं, वर्तमानपत्रं, जवळजवळ सगळेच. बुरशीच्या रकान्यात लिहिलं, एक माणूस. खोडायला हवं. पण खरं आहे.

११ नोव्हेंबर

सरडा पाहिल्याशिवाय तुलना कशी लिहायची? म्हणून गेलो. शेवटचा कधी गेलो होतो ते आठवत नाही.

नियम मीच केलेला आहे, बावीस वर्षांपूर्वी, आणि तो दोन्ही दारांवर चिकटवला आहे. बुरशीकडून सरड्याकडे जायचं तर आधी अंघोळ, डोक्यावरून. कोट बदलायचा, बूट बदलायचे, नखं घासायची. मी सगळं यथासांग केलं. दुसऱ्या कोटाची बटणं लावली ती थेट स्वेटरच्या गळ्यापर्यंत.

लेक दारात उभी होती. चौतीस वर्षांची आहे, पण मला ती ठकीच. "बाबा, तुम्ही?" एवढंच म्हणाली. तिची आई गेल्याला चौदा महिने झाले. तेव्हापासून आमचं बोलणं म्हणजे कामापुरत्या चिठ्ठ्या.

आत भट्टी. पाच मिनिटांत घामाने निथळलो. कोट काढला, स्वेटर काढला आणि झुडपांच्या कुंड्यांपुढच्या कठड्यावर टाकला. मग ती मादी पाहिली. दगडावर पसरली होती, राखाडी, गळ्याखाली कातड्याची झालर. एक डोळा उघडून तिने मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि तोंड फिरवलं.

"हिचं नाव आत्याबाई," ठकी म्हणाली. "कोणी पाहुणा आला की अशीच बघते. पसंत कोणीच पडत नाही."

मला हसू आलं. तिलाही आलं. किती दिवसांनी!

निघताना तिने कठड्यावरचा स्वेटर उचलला. हा हिने, ठकीच्या आईने, विणलेला, शेवटचा. ठकीने तो तोंडाशी धरला, मग झटकून घडी घातली, पुन्हा तोंडाशी धरला.

"आईचा वास येतो अजून."

"म्हणून तर धुतला नाही," मी म्हणालो. खोलीत सोळा अंशांवर रोज तोच घालतो, हे तिला माहीत नसावं.

तुलनेसाठी टिपणं काढायची राहूनच गेली.

१२ नोव्हेंबर

काल जे लिहायला हवं होतं ते आज लिहितो. ही गेली तेव्हा मी तिथे नव्हतो. कुंड्यांवर पाण्याचा फवारा मारायची वेळ होती, त्यात खंड पडला तर बुरशी धरत नाही. ठकीला म्हणालो, तासाभरात आलो. तासाभरातच आलो. ठकीने सांगितलं की आई झोपेतच गेली, कोणाला हाक मारली नाही. हे एक बरं झालं. मला तेवढाच आधार आहे.

१९ नोव्हेंबर

ठकी घरी जेवायला आली. स्वयंपाकघरात तिच्या आईची भांडी तिने बरोबर त्याच जागी ठेवली, मी चौदा महिने ती चुकीच्या जागी ठेवत होतो. म्हणाली, "बाबा, तो स्वेटर द्या, हलक्या हाताने धुऊन आणते." मी म्हणालो, अजिबात नाही. "बरं, नाही तर नाही. पण बाह्या बघा, मळून पिवळ्या पडल्यात." पडू देत.

आत्याबाईविषयी भरभरून बोलली. अंडी डिसेंबरअखेर घालेल. खोली मिळाली तर निम्मी तरी जगतील, नाही मिळाली तर एखादं. "मी तुमच्या अहवालाबद्दल एक शब्द विचारणार नाही," असं म्हणून मग अर्धा तास त्याच्याबद्दलच बोलत होती. पोरगी माझ्यावरच गेली आहे.

२४ नोव्हेंबर

सकाळी नऊला ठकीचा फोन. "बाबा, लवकर या. नको, तुम्ही येऊ नका. काचेतूनच बघा."

तिने एक पान आतून काचेला टेकवून धरलं. खालच्या बाजूला सात ठिपके, नारिंगी, एकेक मोहरीएवढा. भिंगाची गरजच नव्हती. स्वतःचं पोर गर्दीतही ओळखू येतं.

आता जे लिहितो ते कोणाला दाखवण्यासारखं नाही. पहिल्या क्षणी मला आनंद झाला. किती तजेलदार ठिपके! बारा कुंड्यांवर ती हल्ली मलूल दिसायची, मला वाटायचं थकली. ती थकलेली नव्हती. तिला नवी झुडपं मिळाली आणि ती तरारली. मग काचेपलीकडे ठकीचा चेहरा दिसला.

चाळीसपैकी सव्वीस झुडपांवर ठिपके आहेत. बीजाणू पडल्यापासून ठिपका दिसेपर्यंत तेरा दिवस लागतात. म्हणजे अकरा तारखेच्या आसपास काहीतरी घडलं. काय घडलं ते शोधायलाच हवं.

२६ नोव्हेंबर

ठकी आणि तिची मदतनीस रोग लागलेली पानं खुडून जाळताहेत. खुडून उरतं काय, तर काड्या.

चौकशी बाईंनी माझ्याकडेच दिली, मी काटेकोर आहे म्हणून. वारा? माझी खोली आणि काचघर, दोन्ही बंद असतात. पाणी? नळ वेगळे. मी स्वतः? माझी अंघोळ, कोट आणि बूट नोंदवहीत मिनिटासह लिहिलेले आहेत. उरला माळी. वीस वर्षं इथे असलेला जुना माणूस, पण एक रबरी नळी घेऊन आवारभर फिरतो. ती नळी माझ्या खोलीच्या दाराशी पडलेली मी स्वतः पाहिली आहे. बारीकसारीक गोष्टींतच रोग शिरतो, हे मी आयुष्यभर सांगत आलो. अहवालात माळ्याचं नाव लिहिलं. वाईट वाटलं, पण शास्त्रात भिडेला जागा नाही.

२ डिसेंबर

आत्याबाई खात नाही. उरलेला पाला तिच्यापुढे ठेवला की हुंगते आणि मान वळवते. दुसरा पाला, भाज्या, फळं, सगळं तसंच पडून राहतं. सहा दिवसांत सातशे ग्रॅम उतरली.

माळ्याला काचघरापासून लांब, फाटकावर बसवलं आहे. जाताना मला नमस्कार केला. मी केला नाही, हातात फायली होत्या.

ठकी तावातावाने आली. "माळीकाकांनी काही केलेलं नाही. ती नळी माझ्या काचघरात कधी येतच नाही! चोर सोडून संन्याशाला फाशी देताय तुम्ही."

"मग चोर दाखव."

ती माझ्याकडे बघत राहिली, म्हणजे माझ्या हातांकडे. मग एकदम म्हणाली, "मी संध्याकाळी घरी येते."

३ डिसेंबर

काल ठकी आली, राहिली. सकाळी उठून पाहतो तर माझा स्वेटर मांडीवर घेऊन बसलेली. लोकरीचे गोळे झालेत म्हणून बाहीवरून चिकटपट्टी लावून काढत होती. एवढ्या काळजीत असूनही बापाच्या स्वेटरचे गोळे काढायचं तिला सुचतं. आईसारखीच आहे. मी म्हणालोही तसं. तिने चिकटपट्टी घडी करून पर्समध्ये ठेवली आणि चहा न घेताच गेली.

५ डिसेंबर

डोकं बधिर झालं आहे.

ठकीने संचालिकाबाईंना लेखी दिलं की चूक तिची. नऊ नोव्हेंबरला जास्तीच्या कुंड्या शोधायला ती माझ्या खोलीत आली होती आणि त्याच बुटांनी परत काचघरात गेली. नोंद केली नाही. बाईंनी तिला सरड्याच्या कामावरून काढून बियाण्यांच्या कोठारात पाठवलं. माळी परत आपल्या जागी आला.

माझी मुलगी, आणि असा हलगर्जीपणा! दारावर माझ्याच अक्षरात नियम लावलेला आहे. लोकां सांगे ब्रह्मज्ञान आणि घरात हा प्रकार. बाईंसमोर मान खाली घालावी लागली.

घरी आलो तर दोरीवर स्वेटर, धुतलेला, ठिबकत असलेला. ठकी बादली उपडी करत होती. मी काय काय बोललो ते सगळं आठवत नाही. एवढं आठवतं, "एक झुडूप सांभाळता आलं नाही आणि आता हेही घालवलंस. तिचं तेवढंच उरलं होतं."

"हो बाबा," ती म्हणाली. "माझंही तेवढंच होतं."

आणि निघून गेली.

११ डिसेंबर

काचघरात नवे ठिपके नाहीत. मी सुचवलेली फवारणी लागू पडली असं दिसतं. काड्यांना एकेक कोंब फुटतो आहे. आत्याबाईला थांबायला वेळ आहे का, हा प्रश्न आहे.

स्वेटरला साबणाचा वास येतो. कपाटात ठेवून दिला. खोलीत जुनी शाल घेऊन बसतो.

१४ डिसेंबर

तुलना दिली. चार पानं, एकही शब्द भावनेच्या भरात लिहिलेला नाही. निष्कर्ष: मादीची अवस्था पाहता अंडी होतीलच अशी खात्री नाही, झाली तरी जगतील अशी नाही. बुरशी मात्र जिवंत आहे, निरोगी आहे. जे नक्की आहे ते राखावं. बाईंनी वाचलं आणि चष्मा काढून ठेवला. "तर्कात खोट नाही," म्हणाल्या, आणि खिडकीबाहेर बघत बसल्या. मंडळ मान्य करेल.

बावीस वर्षांचं काम वाचलं. मग घरी येऊन मी न जेवता का निजलो, मला कळत नाही.

१९ डिसेंबर

आत्याबाईने अंडी घातली, वेळेच्या आधी. नऊ. नव्या मदतनिसाने ती खोक्यात ठेवून वर दिवा लावला आहे. दिव्याने कधी पंचवीस होतं, कधी पस्तीस.

२२ डिसेंबर

आत्याबाई गेली. दगडावरच, डोळे उघडे होते. माळ्याने फाटकापासून काचघरापर्यंतचा रस्ता झाडून घेतला, का ते त्याचं त्यालाच ठाऊक. ठकी कोठारातून आली, पण तिला आत सोडलं नाही. नियम आहे. ती काचेशी उभी राहिली. मी दहा पावलांवर होतो. जवळ गेलो नाही.

२७ डिसेंबर

ठकीचं टेबल रिकामं करायचं होतं. म्हटलं, परक्या हाताने नको, आपणच करू. खणात तिची कात्री, आत्याबाईच्या वजनांची वही, आणि काचपट्ट्यांची पेटी. सगळ्यांवर चिठ्ठ्या, तिचं अक्षर, माझ्यासारखंच टोकदार. शेवटची काचपट्टी: "स्वेटर, उजवी बाही. ३ डिसेंबर."

सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. लोकरीचा एक निळा धागा, आणि त्याला बिलगून बीजाणू. मोजले. एका धाग्यावर एकशे चाळीस. अंगावरचे काटे तेच, रंग तोच. बावीस वर्षं ओळखतो मी त्यांना.

तीन तारीख. तिने बाईंना लेखी दिलं ते पाचला. म्हणजे पाचला तिला सगळं माहीत होतं.

अंघोळ केली, कोट बदलला, बूट बदलले, नखं घासली. स्वेटर बदलला नाही. स्वेटर हा कपडा आहे हे माझ्या डोक्यातच आलं नाही, तो माझ्या लेखी हीच होती. तिला मी कठड्यावर टाकली, आणि माझ्या पोरीने आईचा वास घ्यायला ती उचलली आणि झटकली. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

मी माळ्याचा नमस्कार घेतला नाही. मी तिला हलगर्जी म्हणालो.

मग काचपट्टी खिशात घातली.

२८ डिसेंबर

सकाळी संचालिकाबाईंच्या टेबलावर काचपट्टी ठेवली, सगळं सांगितलं, तुलना मागे घेतली. त्या म्हणाल्या, "आता तुमची बुरशी?" मी म्हणालो, खोली नाही तर बुरशी नाही, आणि बाहेर ठेवली तर काड्यांना फुटलेले कोंबही खाईल. आवारात माळ्याला गाठून माफी मागितली. तो म्हणाला, "असू द्या साहेब," आणि माझ्याबरोबर आला. बारा कुंड्या त्यानेच कचरा जाळायच्या भट्टीपर्यंत ढकलगाडीवर आणल्या. आत मी टाकल्या, एकेक. बाराव्या कुंडीवर एक पान अगदी भरलेलं होतं, जर्द नारिंगी. ते खिशात घालावंसं वाटलं, हे इथे लिहून ठेवतो. घातलं नाही.

आता ती जगात कुठेही नाही. हळहळणारा एक माणूस तेवढा आहे.

खोली धुतली, भिंती पुसल्या, काटा एकतीसवर नेला. तापायला दुपारचे तीन वाजले.

ठकीला तिच्या जागेवर परत बोलावलं. ती आली. आम्ही खोक्याशी उभे राहिलो. नऊ अंड्यांतली चार खचून पिवळी पडलेली. पाच अजून पांढरी.

"का नाही सांगितलंस?"

ती खोक्यातली वाळू बोटाने सारखी करत होती. "सांगितलं असतं तर तुम्ही आईचा स्वेटर पुन्हा कधी अंगाला लावला नसता."

मला तेव्हा काय झालं कोण जाणे. चौदा-पंधरा महिने जो प्रश्न मनात आला नव्हता तो तोंडातून गेला. "ठके, त्या दिवशी ही खरंच झोपेत गेली? मला हाक नाही मारली?"

ती वर बघेना. मग तिने खोकं उचललं आणि माझ्याकडे दिलं.

"दोन्ही हातांनी धरा, बाबा. हलवू नका. अंडं एकदा फिरलं की आतलं मरतं."

मी दोन्ही हातांनी धरलं. खोलीपर्यंत चारशे पावलं आहेत. ती पुढे होऊन दारं उघडत गेली.